एकाच ओसरीवर सात इयत्ता

पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या गावातल्या दोन बचत गटांनी मिळून समाजमंदिरात संध्याकाळचा गणिताचा वर्ग सुरू केला. आज त्या वर्गाबद्दल थोडं बोलायचं आहे, आणि त्याच्या आधीच्या चारशे वर्षांबद्दल जास्त. घाबरू नका, सनावळ्या पाठ करायला लावणार नाही.

पहिल्या दिवशी एकोणीस मुलं आली. दुसरीची होती, चौथीची होती, सातवीच्या तिघी मुली होत्या आणि नववीतला एक उंच मुलगा सगळ्यात मागे भिंतीला टेकून बसला होता. शिकवायला आम्ही तिघी. गणितात फार हुशार म्हणावी अशी आमच्यात एकही नाही, पण गटाची हिशेबाची वही आम्हीच लिहितो, तेवढा धीर होता. फळ्यावर एकच गणित लिहिलं: बावन्न वजा सत्तावीस. म्हटलं, सगळ्यांनी करा, कोण कुठवर आहे ते कळेल.

नववीतल्या मुलानं पस्तीस लिहिलं. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मोठ्यातून लहान वजा करायचं एवढंच त्याच्या डोक्यात बसलेलं. तिसरीतल्या एका चुणचुणीत पोरानं बरोबर पंचवीस लिहिलं आणि पाटी उंच धरून सगळ्यांना दाखवली. सातवीतल्या एका मुलीनं काहीच लिहिलं नाही. जवळ बसून विचारलं तेव्हा समजलं की तिला हातच्याची वजाबाकी तर सोडाच, पन्नासच्या पुढचे अंकही नीट ओळखता येत नव्हते.

आम्ही काय केलं? जे शहाणपणाचं वाटलं तेच केलं. जिला जेवढं येतं त्या मुलांत तिला बसवलं, म्हणजे दुसरीच्या पोरांच्या ओळीत. तिसऱ्या दिवशी ती आली नाही. चौथ्या दिवशीही नाही. तिची आई आमच्याच गटात आहे. आठवड्याच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून देताना ती मान वर न करता म्हणाली, "ताई, तिला बारक्यांत बसवलं ना तुम्ही. घरी येऊन जेवली नाही ती."

तो नववीतला मुलगा त्याच्याही आधी गेला होता. पस्तीसाला सगळे हसले, त्या दिवशीच.

तेव्हापासून आम्ही विचारत सुटलो. निवृत्त गुरुजींना विचारलं, वाचनालयातली पुस्तकं काढली, गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोललो. वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळं येणारी मुलं एका जागी बसवून त्यांना गणित शिकवायचं, ही अडचण आपल्याच समाजमंदिरात उगवली असं आम्हाला वाटत होतं. ती फार जुनी निघाली.

आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या काळात गावात पंतोजींची शाळा असायची. इमारत नाही, घंटा नाही. कुणाच्या वाड्याची ओसरी, नाहीतर देवळाची ओवरी. पाच-सहा वर्षांच्या पोरापासून मिसरूड फुटलेल्या पोरापर्यंत सगळे तिथंच. इयत्ता हा प्रकारच नव्हता. वर्षातल्या कोणत्याही चांगल्या दिवशी मूल शाळेत घालायचे, आणि त्याला जेवढं येईल तेवढं ते पुढे सरकायचं. लिहायला धूळपाटी: लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, तिच्यावर काडीनं आकडा काढायचा आणि हात फिरवला की पाटी पुन्हा कोरी. वहीचा खर्च नाही, आणि चूक झाली तरी तिचा पुरावा राहत नाही. आजही आमच्या वर्गातली मुलं चुकलेलं गणित तळहाताखाली झाकतात, तेव्हा त्या धुळीचं महत्त्व समजतं.

गणित म्हणजे मुख्यतः तोंडी. पाढे तीसपर्यंत, आणि ते झाले की अपूर्णांकांचे पाढे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. दिवेलागणीला हात-पाय धुऊन मुलं हे सगळं मोठ्यानं म्हणायची, त्याला परवचा म्हणत. आता कुणी म्हणेल, साडेतीनचा पाढा कशाला हवा? पण तेव्हाचा व्यवहार बघा. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण. सगळी मापं पाव, अर्धा, पाऊण यांत तुटणारी. बाजारात उभं राहून सात पायल्यांचे सव्वा रुपयाप्रमाणे किती, हे मनात झटकन यायला हवं असेल तर सवायकी पाठच पाहिजे. सात सव्वा पावणेनऊ. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, मग किलो-लिटर आले, आणि हळूहळू औटकीचं कामच संपलं.

१८२१ साली मुंबई सरकारच्या कौन्सिलातले प्रेंडरगास्ट नावाचे साहेब लिहून गेले आहेत की आपल्या मुलखात शाळा नाही असं गाव क्वचितच सापडेल, आणि इथला साधा शेतकरी किंवा लहान दुकानदारसुद्धा आपला हिशेब विलायतेतल्या त्याच्यासारख्या माणसापेक्षा चोख ठेवतो. वाचून छाती फुगते. पण साहेबांनी जरा जास्तच कौतुक केलं असं आम्हाला वाटतं. ओसरीवर कोण बसलंय ते त्यांनी पाहिलं. कोण बसलेलं नाही ते मोजलं नाही. त्याच्याकडे येऊच.

आधी एक गोष्ट सांगायची आहे, ती आमच्या वर्गात सगळ्यांना फार आवडली. ही गोष्ट चारशे वर्षांपूर्वीची, १६२३ सालची. पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा इटलीचा एक प्रवासी गोव्याहून निघालेल्या पोर्तुगीज वकिलाबरोबर इक्केरीच्या राजाकडे चालला होता. इक्केरी म्हणजे आजच्या कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यात. घाट चढून आल्यावर सामान मागून येईपर्यंत तो एका देवळाच्या पडवीत थांबला. तिथं चार मुलं बसून गणिताचा धडा घोकत होती. एक जण सुरात म्हणायचा आणि म्हणता म्हणता समोरच्या बारीक वाळूत बोटानं तोच आकडा काढायचा. त्याच्या मागून बाकीचे तेच म्हणायचे, तेच लिहायचे. जागा भरली की वाळू सारखी करून पुढे. मास्तर कुठेच दिसेना. त्यानं विचारलं, तुम्ही एखादं विसरलात तर सुधारणार कोण? मुलं हसली. म्हणाली, एकच गोष्ट चौघंही एकदम विसरतील असं कसं होईल? एक चुकला तर दुसरा सांगेल, म्हणून तर आम्ही एकत्र बसतो.

कागद-शाई वाचते आणि शिकवणीही होते, याचं त्या प्रवाशाला इतकं नवल वाटलं की त्यानं ते सविस्तर लिहून ठेवलं. आपल्याला यात नवल वाटत नाही. गटाची वही तपासायला आपणही चौघी बसतोच की. एकीनं व्याज धरायचं राहिलं तर दुसरीच्या लक्षात येतं.

त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी हीच गोष्ट आणखी एका साहेबानं पाहिली. मद्रासमध्ये सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी एक आश्रमशाळा होती. १७८९ पासून तिचं काम अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याकडे होतं. जवळच्या एका देशी शाळेत पोरं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना त्यानं पाहिली आणि आपल्या मास्तरांना सांगितलं, असं शिकवा. मास्तरांनी नाकं मुरडली. मग बेलनं त्या शाळेतल्याच एका मोठ्या वर्गातल्या मुलाला खालच्या मुलांसमोर बसवलं, आणि मास्तरांना जे जमत नव्हतं ते त्या पोरानं करून दाखवलं. १७९७ साली बेलनं लंडनला याच्यावर पुस्तक छापलं. त्याच सुमारास लँकास्टर नावाच्या तरुणानं तिथंच गरिबांच्या मुलांसाठी अशीच शाळा काढली. एक मास्तर, हाताखाली येणारी मुलं, आणि त्यांच्या हाताखाली शेकडो न येणारी मुलं. या रीतीला तिकडे मद्रासची रीत म्हणायचे. आपल्या ओसरीवरचीच रीत, कोट घालून विलायतेला गेली.

मात्र तिथं तिचं वाटोळंही झालं, तेही सांगायला हवं. स्वस्त पडते म्हणून लोकांनी ती उचलली. एका मास्तरच्या पगारात दोन-तीनशे मुलं. ज्या मोठ्या मुलाला शिकवायला बसवलं, त्याचं स्वतःचं शिकणं तिथंच थांबायचं. दिवसभर तो दुसऱ्यांचे पाढे तपासणार, मग त्याचा पुढचा धडा कोण घेणार? १८४६ पासून इंग्लंड सरकारनं मोठ्या वयाचे शिकाऊ शिक्षक नेमून त्यांना स्वतःलाही रोज धडा मिळेल अशी सोय केली, ती यामुळेच. हे वाचलं तेव्हा आम्ही "हो ना, तेच ते" एवढंच म्हणून पान उलटलं. आपल्यावरही तीच पाळी येणार आहे हे तेव्हा कळलं नाही.

आता ओसरीवर नसलेल्यांबद्दल.

आमच्या शेजारच्या गटात एक आजी आहेत, ऐंशी पार केलेल्या. सही करायला त्या गटात आल्यावर शिकल्या. पण औटकी तोंडपाठ. बैठकीत कुणीतरी म्हणालं, साडेतीनशेप्रमाणे बारा रोजांचे किती? मोबाइल काढेपर्यंत आजी म्हणाल्या, बारा औट बेचाळीस, बेचाळीसशे. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला औटकी कशी येते? त्यांनीच सांगितलं. भाऊ बाहेर परवचा म्हणायचे, त्या आत चुलीशी बसून भाकरी थापायच्या. तो मोठ्यानं म्हणायचा म्हणून माझ्या कानात पडलं. त्याला मार बसायचा चुकला की, मला कुणी मारलं नाही, म्हणून माझं जास्त पक्कं राहिलं, असंही वर म्हणाल्या. पंतोजींच्या शाळेतला छडीचा मार आणि अंगठे धरून उभं राहणं सगळ्यांनाच माहीत आहे, ते काही आम्हाला पुन्हा आणायचं नाही.

आजींना निदान कानावर तरी पडलं. त्यांच्याच पिढीत ज्यांच्या घरात परवचा नव्हताच, ज्यांना त्या ओसरीच्या पायरीवरही उभं राहायची परवानगी नव्हती, त्या घरांतल्या मुलांच्या आणि मुलींच्या कानावर काय पडणार? सावकाराकडे अंगठा उठवताना कागदावर किती लिहिलंय ते बघायला घरात कुणीही नाही. गणित न येणं म्हणजे परीक्षेत नापास होणं एवढाच त्याचा अर्थ नव्हता. जमीन जायची.

म्हणून १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली हे मोठं. सावित्रीबाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. त्या स्वतः लग्नानंतर जोतीरावांकडे शिकल्या आणि शिकता शिकताच शिकवायला उभ्या राहिल्या. आपल्याला वाटतं, आधी सगळं यायला हवं, मग शिकवावं. त्यांनी तसं थांबून पाहिलं नाही. फुल्यांच्या शाळांत लिहिण्या-वाचण्याबरोबर अंकगणित होतं. १८५५ मध्ये त्यांनी दिवसभर राबणाऱ्या शेतकऱ्या-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन दिलं, त्यात गावातल्या प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, आणि शेतीची प्राथमिक माहिती शिकवावी असं मागितलं. हिशेब! आपल्या गटातल्या बायका आज रोजच्या व्यवहारात जे वापरतात तेच ते मागत होते.

एव्हाना शाळेची रीत बदलत होती. १८५५ च्या सुमारास सरकारचं शिक्षण खातं आलं, तपासनीस आले, पुस्तकं ठरली, आणि इयत्ता पडल्या. पहिली, दुसरी, तिसरी. वर्षाच्या शेवटी परीक्षा, पास झाला तर वर, नाहीतर तिथंच. जुनी सातवी, म्हणजे फायनल, पास झालेल्या माणसाला गावात केवढा मान असायचा ते आपल्या आजोबांनी सांगितलंच असेल. इयत्तेनं एक मोठं काम केलं: अभ्यास सगळीकडे सारखा झाला, आणि शाळा पंतोजींच्या मर्जीवर राहिली नाही. पण ओसरीवर जे आपोआप व्हायचं, की ज्याला जिथवर येतं तिथून पुढे, ते मात्र गेलं. तिसरीच्या पुस्तकात जे आहे ते तिसरीच्या सगळ्या मुलांना, येत असो नसो.

आणि मूल नापास झालं की ते काही पुन्हा शिकायचं नाही, गुरं राखायला जायचं. मुलगी असेल तर तिचं लग्न. म्हणून शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला तेव्हा त्यात आठवीपर्यंत नापास करायचं नाही आणि मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं असं ठरलं. यामुळे मुली शाळेत टिकल्या, आमच्या डोळ्यांदेखत टिकल्या, त्याला आम्ही नावं ठेवणार नाही. वयाच्या वर्गात बसवलेल्या मुलाला मागचं शिकवून त्या वर्गापर्यंत आणायचं असंही कायद्यात आहे. ते करायला वेळ आणि माणूस लागतो. लहान गावातल्या शाळेत दोन शिक्षक चार-पाच इयत्ता सांभाळतात, वर कागदपत्रं. त्यांच्याकडून सगळं झालं नाही म्हणून बोट दाखवणं आम्हाला सोपं वाटत नाही.

ज्यांनी वेगळा विचार केला त्यात दोन बायकांचं नाव घ्यायलाच हवं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला गावातल्या लहान मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे १९५७ च्या सुमारास हे काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या होत्या. बी.ए. त्यांनी पन्नाशीत केलं. (आमच्यातली जी बी.ए. आहे तिनं ते तिशीत पत्रद्वारा केलं आणि स्वतःला फार उशीर झाला म्हणून रडत होती. आता रडत नाही.) आपण आज सहज म्हणतो तो "अंगणवाडी" हा शब्द ताराबाईंच्याच कामातून आला.

कोसबाडला त्यांना दिसलं की वारली मुलं शाळेत येत नाहीत, कारण मोठी बहीण धाकट्याला सांभाळते आणि भाऊ गुरं राखतो. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात घेतली, म्हणजे ताई धाकट्याला घेऊनच येईल. आणि गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा: मुलं कुरणात, तर शाळाही कुरणात. मोजायला विकतची साधनं नाहीत. चिंचोके, खडे, शंखशिंपले, पानं. मोजणं आधी हातात, मग तोंडात, आकडा सगळ्यात शेवटी. वय, इयत्ता, घरचं काम यांची तक्रार न करता मूल जिथं आहे तिथं जाऊन बसायचं. आम्ही हे वाचून चिंचोके गोळा केले. आमच्या गावात चिंचा भरपूर, त्यामुळे खर्च शून्य.

याच विचाराला शहरात आलेलं एक फळही सांगण्यासारखं आहे. मुंबईत महानगरपालिकेच्या शाळांत 'प्रथम' या संस्थेनं १९९८ मध्ये बालसखी नावाचा उपक्रम सुरू केला. बालसखी म्हणजे वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली तरुण मुलगी. तिला दोनेक आठवडे शिकवून तयार करायचं. तिसरी-चौथीत असूनही ज्यांना पहिली-दुसरीचं येत नाही अशी पंधरा-वीस मुलं रोज दोन तास तिच्याकडे. मुंबईत आणि बडोद्यात याची कसून तपासणी झाली. तपासणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, त्यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तपासणीत दिसलं की मुलांचे गुण वाढले, आणि सगळ्यात मागे असलेल्या मुलांचे सगळ्यात जास्त वाढले. डी.एड. नाही, मोठा पगार नाही, वस्तीतली पोरगी. हे आम्ही बैठकीत सांगितलं तेव्हा आमच्या दहावी नापास मैत्रिणीनं पदर खोचला.

पण तपासणाऱ्यांनी आणखी एक लिहिलं आहे. बालसखी बंद झाल्यावर वर्षानं त्याच मुलांना पुन्हा तपासलं, तर फायदा बराच ओसरला होता. म्हणजे चार महिने जोर लावून वर्ग घेतला आणि मग सुगी आली म्हणून सोडला, असं करून चालत नाही.

'प्रथम' गावोगावी जी 'असर' नावाची पाहणी २००५ पासून करते, त्यातली गणिताची तपासणी आम्ही उचलली. एक ते नऊ अंक ओळखतो का, दहा ते नव्व्याण्णव ओळखतो का, हातच्याची वजाबाकी येते का, तीन अंकी संख्येला एका अंकानं भागता येतं का. बस, एवढंच. इयत्ता विचारायची नाही. आणि सगळ्यांसमोर तर मुळीच नाही: एकेकाला बाजूला घेऊन, गप्पा मारता मारता. पहिल्या दिवशी फळ्यावर गणित लिहून आम्ही जी चूक केली ती इथं समजली.

आता त्या सातवीतल्या मुलीकडे येते. आम्ही तिघी तिच्या घरी गेलो. शिकायला ये म्हणालो नाही. म्हटलं, आम्हाला माणूस कमी पडतंय, बारक्यांना काड्यांचे गठ्ठे कोण बांधून देणार? दहा काड्या, एक रबर, एक गठ्ठा. तू येशील का? ती आली. देवळातल्या त्या चार मुलांची गोष्ट आमच्या डोक्यात होतीच.

बावन्न म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. त्यातून सत्तावीस द्यायच्या. सुट्या दोनच, सात कशा देणार? आमच्या गटातल्या भाजी विकणाऱ्या वहिनी शेजारी बसल्या होत्या, त्यांनी एका वाक्यात सांगितलं, "सुट्टे नसले की दहाची नोट मोडायची." रबर काढलं, गठ्ठा मोडला, सुट्या बारा झाल्या. सात दिल्या, उरल्या पाच. चार गठ्ठ्यांतून दोन दिले, उरले दोन. पंचवीस. हातचा घेणं म्हणजे काय ते आम्हालाही इतक्या वर्षांनी त्या दिवशी दिसलं. शाळेत नुसतंच "शेजाऱ्याकडून उसना घे" म्हणायचो, आणि उसना घेतलेला परत का करायचा नाही हे कधी कुणी विचारलं नाही.

बारक्यांसमोर चुकायला नको म्हणून ती मुलगी घरी आधी गठ्ठे मोजून यायची. महिन्याभरात वजाबाकी तिला येत होती, हे तिला कुणी शिकवलंय असं तिला वाटलंच नाही.

तिची एक अडचण मात्र वेगळीच निघाली. सत्तावन्न म्हटलं की ती पंचाहत्तर लिहायची. कानाला आधी सात ऐकू येतो, हात आधी सातच लिहितो. आपल्या मराठी आकड्यांची ही खोड आहे: बोलताना एकक आधी, लिहिताना दशक आधी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावन्नबरोबर "पन्नास सात" असंही वाचायला शिकवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, विधानसभेपर्यंत विषय गेला. गणितज्ञ मंगला नारळीकर त्या समितीच्या प्रमुख होत्या. आम्हीही तेव्हा हसलो होतो, मोबाइलवर विनोद पुढे पाठवले होते. आता या मुलीला "पन्नास सात" म्हणून पाहिलं आणि तिनं पहिल्या झटक्यात बरोबर लिहिलं. आम्ही तरी वर्गात दोन्ही म्हणतो. सत्तावन्न सोडायचं नाही, आणि ज्याला अडतं त्याला पन्नास सातचा आधार द्यायचा.

मग बेलसाहेबाच्या शाळेत झालं तेच झालं. दिवाळीनंतर लक्षात आलं की ही मुलगी रोज येते, बारक्यांना झकास शिकवते, पण तिचा स्वतःचा भागाकार जागच्या जागी आहे. आम्हाला फुकटची मास्तरीण मिळाली म्हणून आम्ही खूश, आणि तिचं वर्ष चाललेलं. तेव्हापासून शेवटचा अर्धा तास तिचा आणि सातवीतल्या बाकीच्या दोघींचा, बारके घरी गेल्यावर. त्या अर्ध्या तासात आजीही येऊन बसतात. त्यांना आकडे लिहायला शिकायचंय. त्या तोंडी सांगतात, मुली वहीवर भागून ताळा बघतात. परवा अठ्ठ्याण्णव भागिले साडेतीन आजींनी अठ्ठावीस सांगितलं, आणि मुलींना अजून ते कसं मांडायचं तेच ठरवता येत नव्हतं.

नववीतला मुलगा परत आला नाही. त्याच्याकडे दोनदा जाऊन आलो, तो घराच्या मागच्या बाजूनं निघून गेला. वाढलेल्या मुलाला लाज न वाटता परत कसं बोलवायचं, ते तुमच्यापैकी कुणाला जमलं असेल तर आम्हाला नक्की कळवा, केंद्रावर निरोप ठेवला तरी पोचेल. जूनमध्ये आमची मुलगी आठवीला शेजारच्या गावच्या हायस्कुलात जाईल. तोवर तीन अंकी भागाकार बसवायचा आहे, आणि मध्ये हरभऱ्याची काढणी आहे.